मला शेतकीच्याच कॉलेजात जायचं होतं

मॅट्रिकचा निकाल लागला आणि माझ्या कॉलेजाविषयी सगळे बोलायला लागले. मी मात्र गप्प होते, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा मी लोणावळ्यात मावशीकडे राहत होते. मावशीचे यजमान, म्हणजे काका, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. माझं स्वतःचं घर बेडश्याच्या लेण्यांखाली, आईवडील भातशेती करणारे. गावची शाळा चौथीपर्यंत. चौथी झाल्यावर आईनं मला कामशेतपर्यंत चालवत आणलं, गाडीत घालून लोणावळ्याला नेलं आणि मावशीच्या ओसरीवर बसवून सांगितलं, "हिला शिकीव. किती शिकंल तितकी शिकीव." ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर मी फक्त सुट्टीत घरी जायची.

त्या काळी सगळ्या मुंबई इलाख्याला विद्यापीठ एकच. मॅट्रिकची परीक्षाही तेच घेई. सिंधपासून कर्नाटकापर्यंत जी काही कॉलेजं होती ती सारी त्याच एका विद्यापीठाला जोडलेली. पेपर तेच, पदवी तीच. प्रश्न एवढाच, की जायचं कुठल्या कॉलेजात.

काकांनी तो केव्हाच सोडवला होता. पुण्यात त्यांची बहीण राहत होती. मी तिच्या घरी राहावं, जवळच्या कॉलेजात बी.ए. करावं आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हावं. त्या बहिणीला चार मुलं होती आणि पाचव्याची तयारी होती. मी एका दिवाळीत तिच्याकडे आठ दिवस राहून आले होते. पहाटेच्या पाण्यापासून संध्याकाळच्या भांड्यांपर्यंत मी तिथे काय करणार, हे मला दिसत होतं. काकांनाही दिसत असावं. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

हेडमास्तरांचं मत मुंबईचं. माझे गणिताचे आणि शास्त्राचे मार्क चांगले होते. मुंबईत मुलींचं वसतिगृह होतं. "पुण्यात तू नातेवाइकांची होशील, मुंबईत विद्यार्थिनी होशील," असं ते मला म्हणाले. माणूस भला. शाळेत आम्ही जेमतेम सहा मुली होतो, आणि आमच्याशी ते मुलांशी बोलावं तसंच बोलत.

तिसरं मत गावच्या चुलत्यांचं. त्यात कॉलेज नव्हतं. त्यात पवना नदीपलीकडचं एक स्थळ होतं.

मला शेतकीच्या कॉलेजात जायचं होतं. हे एकदम सुचलेलं नव्हतं, म्हणून आदल्या वर्षीचं थोडं सांगावं लागेल.

आदल्या वर्षी भाद्रपदात मी घरी गेले होते तेव्हा आमच्या वरच्या दोन खाचरांतला आंबेमोहोर करप्यानं धरला होता. पानांवर तपकिरी ठिपके, मग ठिपके लांब होत होत सगळं पान जळाल्यासारखं. लोंबीच्या मानेपाशी काळं पडायचं आणि लोंबी तिथंच मोडायची. आई रोज सकाळी बांधावर जाऊन उभी राही. तिच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, तरी ती जाई.

एके दिवशी शेतकी खात्याचा एक माणूस गावात आला. डोक्यावर हॅट, हातात वही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यानं बांधावर बोलावलं. आई आणि मी मागे उभ्या.

"बियाणं कुठलं होतं?" त्यानं आबांना विचारलं.

आबांनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "घरचंच. खालच्या खाचरातलं ठिवलेलं."

त्यानं लिहून घेतलं. "राब कधी भाजला? पेरणी कधी केली?"

आबांनी परत आईकडं पाहिलं. रोपाची जागा निवडणं, तिच्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्यांची कवळं पसरून राब भाजणं, बी टाकणं, रोप उपटणं, लावणी करणं हे सगळं आमच्याकडं बाया करत. आबा नांगरत, चिखलणी करत, बांध घालत. ज्याला जे ठाऊक तेच तो सांगणार. आईनं सांगितलं. आईनं दहा-बारा प्रश्नांची उत्तरं दिली आणि त्या माणसानं एकदाही मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाही. शेवटी तो आबांना म्हणाला, "तुम्ही फार नीट माहिती दिलीत."

आबा भोळेपणानं हसले. मला मात्र असा राग आला की कान गरम झाले. पण त्याहून जास्त मला ती वही हवी होती. करपा का येतो, हे त्या वहीत कुठंतरी लिहिलेलं असणार असं मला वाटलं. ते वाचून आईला सांगणारं कुणीतरी आमच्या घरातलं असावं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

निकालानंतर हेडमास्तरांनी मला घरी बोलावून विद्यापीठाचं कॅलेंडर हातात दिलं. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे. जाडजूड पुस्तक, त्यात सगळ्या कॉलेजांची यादी, नियम, अभ्यासक्रम. "पुण्यामुंबईच्या कॉलेजांचे प्रवेशाचे नियम उतरून घे," असं सांगून ते पूजेला बसले. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. कला, शास्त्र, कायदा, वैद्यकी, इंजिनिअरिंग, आणि मग शेतकी. सरांची पूजा आटोपली तेव्हा मी तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते.

"सर, हेही आपल्याच विद्यापीठाचं आहे ना?"

त्यांनी वाकून पाहिलं. "आहे की. का?"

"मला इथं अर्ज करायचाय."

ते हसले. कुचेष्टेनं नव्हे, पण हसले. "अगं, ते शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आहे."

"मग मी कुणाची आहे, सर?"

ते हसायचे थांबले. चष्मा लावून त्यांनी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "मुलींना घेऊ नये असं कुठं लिहिलेलं नाही. घ्यावं असंही नाही. त्यांच्या मनात ही गोष्ट आलीच नसावी."

"मग आता येईल," मी म्हणाले.

त्यांनी मला बराच वेळ समजावलं. तिथं मुलींची सोय नाही, मुंबईचं कॉलेज माझ्यासारखीच्या हिताचं, असा हट्ट करून वर्ष फुकट जाईल. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात मला शिफारसपत्र लिहून दिलं. देताना म्हणाले, "मला हे पटलेलं नाही. पण तू खोटं बोलत नाहीस आणि गणित चुकवत नाहीस, एवढं मी लिहू शकतो."

काकांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"पदवी कुठूनही घेतली तरी शिक्का एकाच विद्यापीठाचा," ते म्हणाले. "मग ही थेरं कशाला?"

"शिक्का एकच आहे ना काका, मग कॉलेज मला निवडू द्या."

"चिखल तुडवायला कॉलेज लागतं का? तो तुझ्या आईला फुकट येतो!"

मावशी मध्ये पडली. ते तिच्यावर ओरडले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या बहिणीकडं जाणार असशील तर मी स्वतः पोचवून येईन. नसशील तर तुझ्या बापाची सही आण आणि काय करायचं ते कर. माझा संबंध नाही." सात वर्षं त्यांनी मला पोसलं होतं, पाटी-पुस्तकं दिली होती, तापात माझ्या उशाशी बसले होते. ते मी विसरलेली नाही. पण त्या दिवशी मी "बरं" म्हणून उठले आणि ट्रंक भरली. त्यांना वाटलं होतं मी रडेन.

कामशेतला उतरून मी चालत निघाले. ट्रंक स्टेशनजवळच्या ओळखीच्या दुकानात ठेवली आणि अर्ज तेवढा पदराखाली धरला. जूनचा पहिला आठवडा. सगळीकडं राब भाजून काळे झालेले तुकडे दिसत होते. आमच्याकडं धुळीतच बी टाकायचं काम चाललं होतं. आई बी फेकत होती, आबा मागून माती ओढत होते.

मी आबांना अर्ज दाखवला. ते इंग्रजी वाचत नव्हते, पण मोडीत सही करत. "कुटं जायाचं म्हन्तीस?" त्यांनी विचारलं.

"शेतकीच्या कॉलेजात. आबा, करपा का पडतो, भाताचं कुठलं वाण घ्यावं, जमिनीत काय कमी आहे, हे सगळं शिकवतात."

आबांना नवल वाटलं, आणि मला वाटतं थोडा आनंदही झाला. पण आईनं हातातली टोपली खाली ठेवली.

"काय शिकिवत्यात?"

मी परत सांगितलं.

"म्हंजे शेतीच."

"हो. पण..."

"चिखलातनं काढाया तुला तितं ठिवली व्हती मी," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "सात वर्सं. हितं लावनीला चार हात कमी पडायचे, तरी ठिवली. तुज्या हाताला भेगा पडू न्हाईत, तुजी कंबर माज्यावानी मोडू न्हाई, म्हनून. आन् तू लिवनंवाचनं शिकून परत चिखलातच येती?"

मी या प्रश्नाची तयारीच केली नव्हती. काकांशी भांडायला, चुलत्यांशी भांडायला माझ्याकडं शब्द होते. आई माझ्या बाजूची असेल असं मी गृहीत धरलं होतं. जिच्यासाठी जायचं तीच नको म्हणत होती.

"आई, मी चिखलात येत नाही. मी त्याचं शिकायला जातेय."

"त्याचं काय शिकायचं? मला इचार की."

"तू सांगशील ते मला येतंच. तुला न येणारं शिकायचंय."

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. पण मी शब्द मागे घेतले नाहीत. आईनं टोपली उचलली आणि राहिलेलं बी टाकून संपवलं. बी कुठंही दाट-विरळ पडलं नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसून निकाल दिला. आबा नांगर सोडून येऊ शकत नाहीत, तेव्हा माझ्याबरोबर ती स्वतः येणार. कॉलेजवाल्यांनी नाही म्हटलं की मी गुमान पुण्याला जायचं, काकांच्या बहिणीकडं. परत शेतकीचं नाव काढायचं नाही.

"आणि त्यांनी हो म्हटलं तर?" मी विचारलं.

"न्हाई म्हननार त्ये," आई म्हणाली. ते स्वतःच्या कानांनी ऐकायलाच ती येणार होती.

आबांनी माझ्या टाकानं सही केली.

ते कॉलेज कुठल्या गावी होतं ते मी लिहीत नाही. तिथली माणसं पुढं माझी झाली, आणि पहिल्या दिवसाचं बोलणं त्यांच्या माथी मारावं असं मला वाटत नाही. आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. आई धुवट लुगडं नेसून, भाकरी बांधून घेऊन. कॉलेजची इमारत दगडी होती आणि मागं दृष्टी पोचेल तिथवर रान. आईनं इमारतीकडं पाहिलं नाही. ती रान बघत राहिली. "बांध चांगले घातल्यात," एवढंच म्हणाली.

कचेरीतल्या कारकुनानं माझ्या हातातला अर्ज घेऊन विचारलं, "मुलगा आला नाही का?"

"मीच आलेय."

"तुम्ही बहीण. ज्याला प्रवेश घ्यायचाय तो?"

"मलाच घ्यायचाय."

त्यानं अर्ज वाचला, मला पाहिलं, परत अर्ज वाचला आणि तो घेऊन आत गेला. तासाभरानं आम्हाला बोलावणं आलं. आत प्रिन्सिपॉल होते आणि त्यांच्या बाजूला एक प्रोफेसर. दोघेही मराठीच बोलत होते. मला बसायला सांगितलं. आई दाराशीच खाली बसली, खुर्ची नको म्हणाली.

प्रिन्सिपॉल सभ्यपणे बोलले. माझे मार्क चांगले आहेत. पण इथं मुली नाहीत. वसतिगृह मुलांचं. "आणि हे पुस्तकी शिक्षण नाही. रोज सकाळी दोन तास शेतावर काम करावं लागतं. हे मुलींना झेपणारं नाही. तुम्ही शास्त्राच्या कॉलेजात जावं. विद्यापीठ आपलंच आहे."

"ती कॉलेजं मी पाहिली आहेत, साहेब. तिथं भात शिकवत नाहीत."

प्रोफेसर हसू दाबत म्हणाले, "भाताचं काय ठाऊक आहे तुम्हाला? राब का भाजतात ते सांगा."

मी सांगितलं. तणाचं बी जळतं, वरची माती भुसभुशीत होते, राखेचं खत होतं, आणि लावणीच्या वेळी रोप मुळं न तुटता उपटता येतं. शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली. त्यांच्या हे ध्यानात आलं नसावं, कारण त्यांनी रोप कधी उपटलं नसणार.

तरी प्रिन्सिपॉल म्हणाले, "माहिती आहे, ते दिसतंय. पण माहिती वेगळी आणि कष्ट वेगळे. शेतातलं काम बाईमाणसाच्यानं होत नाही."

तेव्हा दारातून आई बोलली.

"सायेब, तुमच्या भाताची लावनी कोन करतं?"

त्यांनी वळून पाहिलं. त्यांना आईचा विसर पडला होता.

"मजूर येतात," ते म्हणाले.

"बाप्ये का बाया?"

"बायाच येतात."

"खुरपनी?"

"बायाच."

"कापनीला?"

"दोघंही."

"मंग काय व्हत न्हाई बायांच्यानं?" आई उठून उभी राहिली होती. "दिवसभर कंबरंत वाकून गुडघाभर पान्यात ऱ्हायाचं. पोर पाठीशी असलं तरी ऱ्हायाचं. माजी ही पोरगी लावनीतच झाली आसती, दोन दिस आदी पाऊस थांबला म्हनून घरात झाली. झेपत न्हाई म्हनं!"

प्रिन्सिपॉलांचा चेहरा लाल झाला होता, पण मला वाटतं तो रागानं नव्हे. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "नांगर? इथं प्रत्येक विद्यार्थ्याला नांगर धरावा लागतो. त्याला सूट नाही. धराल?"

आमच्या मावळात बाई नांगराला हात लावत नाही. लागला तर पाऊस जातो, शिवार नासतं, असं मानत. नांगर ओलांडणंसुद्धा वर्ज्य. मला आईकडं बघवेना. मी म्हणाले, "धरीन."

आईचा श्वास मला ऐकू आला.

"पत्रानं कळवू," प्रिन्सिपॉल म्हणाले.

स्टेशनवर बाकावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. मी म्हणाले, "आई, तू माझ्यासाठी बोललीस."

"तुज्यासाटी न्हाई बोलले," ती म्हणाली. "त्यो खोटं बोलला म्हनून बोलले. माज्या मनात अजून न्हाईच हाय." मग गाडी दिसायला लागली तेव्हा, "आन् नांगराचं काय बोलून बसलीस? गावाला काय सांगायचं?"

पत्र दहा दिवसांनी आलं. एका सत्रापुरता प्रवेश, राहण्याची सोय स्वतः करायची, काम झेपलं नाही तर नाव काढून टाकू. आईनं ते आबांना वाचून दाखवायला लावलं, म्हणजे मी वाचलं आणि आबांनी मान डोलावली. आई शब्दाला पक्की. ती म्हणाली, "मी बोलले व्हते तसं त्यांनी न्हाई म्हटलं न्हाई. आता जा." आशीर्वाद म्हणून काही म्हणाली नाही. तांदूळ मात्र पायलीभर बांधून दिले.

राहण्याची सोय हेडमास्तरांनीच केली. त्यांच्या ओळखीची एक नर्स सरकारी दवाखान्याच्या आवारात एकटी राहत होती. तिच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत मी चार वर्षं काढली. बाई कडक, पण माझ्या येण्याजाण्याबद्दल तिनं कधी प्रश्न केला नाही. स्वतः तिनं आयुष्यभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, म्हणून असेल.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा मुलांनी पाय आपटले. दुसऱ्या दिवशीही आपटले. मी पहिल्या बाकावर एकटी बसत होते, तशीच बसले. तिसऱ्या आठवड्यात चिखलणी आली, तेव्हा निम्म्या मुलांना चिखलात उभं राहता येईना. इनामदारांची, वकिलांची, मामलेदारांची मुलं ती. सरकारी नोकरी मिळते म्हणून आलेली. मी आईचं जुनं लुगडं काष्टा घालून नेसले होते. एकजण पाय रुतून बसला, त्याला मी हात देऊन काढला. त्यानंतर पाय आपटणं बंद झालं. त्यांना माझ्याबद्दल आदर वाटला असं मी म्हणणार नाही. हसायला त्यांची तोंडं मोकळी राहिली नाहीत, एवढंच.

नांगराची पाळी आली ती दसऱ्यानंतर. कॉलेजच्या शेतावरचे म्हातारे नांगरे, त्यांना सगळे भाऊ म्हणत, बैल जुंपून उभे होते. माझं नाव पुकारलं तशी बांधावर गर्दी झाली. दुसऱ्या वर्गातली मुलंही तास सोडून आली.

"बाई, नगा धरू," भाऊ हळूच म्हणाले. "मी सायबाला सांगतो तुमी धरला म्हनून."

"नको भाऊ. कसं धरायचं ते दाखवा."

भाऊंनी रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, कशी पकडायची, भार कुठं द्यायचा ते दाखवलं, आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. त्यांना ते बघायचं नव्हतं. बैल चालले. फाळ वर आला, मी दाबला, तो खोल गेला, बैल अडले. बांधावर हशा पिकला. मी परत हाकले. माझं पहिलं तास, म्हणजे नांगराची चर, सापासारखं वाकडं गेलं होतं, ते मी आजही नाकारत नाही. दुसरंही वाकडंच. पण मी सहा तासं घातली. संपलं तेव्हा हाताच्या तळव्यांना फोड आले होते. त्या दिवशी मुलांपैकी कुणाचंही तास सरळ गेलं नव्हतं, आणि त्याला कुणी हसलं नव्हतं.

ही बातमी आमच्या पवन मावळात पोचायला पंधरा दिवसही लागले नाहीत. गावानं आबांना चावडीवर बोलावलं. आबा साधा माणूस, चार लोकांत कधी न बोललेला. तिथं काय झालं ते मला धाकट्या चुलत्यानं सांगितलं. पाटील म्हणाले, "तुमच्या पोरीनं नांगर धरला म्हन्त्यात. खरं का?"

"व्हय," आबा म्हणाले.

"मंग गावावर काय आलं तर?"

"आपल्या शिवारात न्हाई धरला तिनं. कॉलेजाच्या रानात धरला. तितं पाऊस पडतो का न्हाई ते त्यांस्नी इचारा." एवढं बोलून ते उठून आले. त्यांना परत कुणी बोलावलं नाही. पण दोन वर्षं आमच्या लावणीला गावातल्या दोन घरांच्या बाया आल्या नाहीत. ती कसर आईनं आणि आबांनी स्वतःच्या हातांनी भरून काढली. माझ्या हट्टाचं ओझं त्यांनीही उचललं, हे लिहून ठेवते. त्याबद्दल त्यांनी मला कधी ऐकवलं नाही आणि मीही त्यासाठी कॉलेज सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झाले. पेपर कठीण नव्हता, माझा अभ्यास कमी पडला. काकांनी मावशीकरवी निरोप धाडला, की पुण्याची जागा अजून आहे. मी कळवलं की माझीही जागा अजून आहे. ते वर्ष मी परत केलं आणि त्याच विषयात वर्गात दुसरी आले. बी.एजी. झाले तेव्हा युद्ध सुरू झालं होतं. पदवीदानाला मुंबईला गेले. तिथं पुण्याच्या, कर्नाटकच्या, गुजरातच्या, सिंधच्या कॉलेजांतली मुलंमुली एकाच मंडपात बसली होती. शेतकीच्या रांगेत मी एकटीच बाई. माझं नाव वाचणाऱ्याला क्षणभर वाटलं की मी चुकून या रांगेत आलेय. मी हलले नाही. त्यानं परत कागद बघितला आणि नाव वाचलं.

मग मला भाताच्या वाणांवर काम करणाऱ्या एका शेतावर मदतनिसाची जागा मिळाली. पहिल्या वर्षी रजा घेऊन मी पेरणीच्या वेळी घरी आले आणि आईला सांगितलं, की बी टाकण्याआधी मिठाच्या पाण्यात घालून बघ. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, खाली बसलेलं बी दोनतीनदा साध्या पाण्यानं धुऊन, सावलीत सुकवून पेरायचं.

आईनं माझ्याकडं बघितलं. "बियान्याला मीठ? एवढी वर्सं घालून ह्ये शिकलीस?"

"बी धुवायचं असतं, आई. मीठ राहत नाही."

"माज्या बियान्याला मी मीठ लावनार न्हाई."

आम्ही दोघी भांडलो. आबा बाहेर जाऊन बसले. मी आकडे सांगत होते, ती तिच्या सासूनं काय सांगितलं होतं ते सांगत होती. तिनं ऐकलं नाही आणि मीही माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मी नोकरीवर परत गेले, धुसफुसतच.

श्रावणात आबांचं पत्र आलं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. इकडची खुशाली, बैलाचं दुखणं, मावशी येऊन गेल्याचं. शेवटी दोन ओळी होत्या, की तुझ्या आईनं कोपऱ्यातला रोपाचा एक तुकडा मिठाच्या पाण्यातून काढलेलं बी टाकून केला होता, कुणाला न सांगता. रोप दाट आलं. त्याची लावणी तिनं वरच्या खाचरात वेगळी केली आहे आणि तिथं ती कुणाला हात लावू देत नाही.